शेवटच्या रोबोचा बंद व्हॉल्व्ह

सोनवणे, रविवारी तुमच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात तुम्हाला 'मनमिळाऊ' म्हणाले. बोलणारे गृहस्थ तुमच्या जुन्या कारखान्यातले असावेत, पांढरा शर्ट, हातात घडी घातलेला कागद. म्हणाले, "साहेब अत्यंत मनमिळाऊ होते, त्यांनी कधी कुणाचं मन दुखावलं नाही." मी आजूबाजूला पाहिलं, कुणी हसलं नाही. गेलेल्या माणसाबद्दल चांगलं बोलावं हे मला मान्य आहे, पण निदान त्याच माणसाबद्दल बोलावं. क्षणभर वाटलं, उठावं आणि सांगावं की या मनमिळाऊ माणसाने एका रेघेवरून माझ्याशी वर्षानुवर्षं भांडण केलं, आणि ते अर्धवट टाकून गेला. पण समोर पांढऱ्या चादरीवर तुमचा फोटो होता, कारखान्याच्या ओळखपत्रावरून मोठा करून घेतलेला, त्यात तुम्ही नेहमीसारखे फोटोग्राफरवर चिडलेले. तुमची लेक प्रज्ञा त्याच्याकडे बघत बसली होती. मग मी बसून राहिले.

घरी आले, तर टेबलावर तुम्ही काढलेला शेवटचा रोबो होता. अजून तिथेच आहे. प्रेसवाले भोसले छपाईच्या प्लेटा करायला थांबलेत, बाकीचं पुस्तक कधीच त्यांच्याकडे गेलंय, हे एकच पान अडलंय. आणि ते अडलंय कारण या रोबोचा व्हॉल्व्ह तुम्ही बंद केलाय. आयुष्यभर जी रेघ तुम्ही जोडली नाहीत ती या एका चित्रात जोडून ठेवलीत आणि निघून गेलात. हे तसंच छापायचं की नाही, ते मला ठरवायचं आहे. विचारायला तुम्ही नाही.

कुणाला सांगायला जावं तर हसतील. रोबो म्हणे, तेही वाफेवर चालणारे, आणि मुलांनी रंगवायचे. त्यात रेघ जोडली काय, सुटली काय, एवढं काय बिघडतं. मीही पहिल्यांदा हेच म्हणाले होते.

तुम्ही बिबवेवाडीतल्या माझ्या गाळ्यात आलात ते माझ्याच पुस्तकातली चूक दाखवायला. मी बालवाडीची नोकरी सोडून रंगवायची पुस्तकं काढायला लागले होते, चित्रंही मीच काढायची. तुम्ही माझं 'वाहने' उघडलंत, ट्रकवर बोट ठेवलंत आणि म्हणालात, "हा चालणार नाही. याला पुढचा ॲक्सल नाहीये." ना नमस्कार, ना नाव. मी म्हटलं, "तो चालवायचा नाहीये, रंगवायचा आहे." तुम्ही म्हणालात, "म्हणून न चालणारा द्यायचा का पोरांना?" मग कळलं, कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात काँप्युटर आले होते, ड्रॉइंग बोर्ड एका रांगेत भंगाराच्या ट्रकमध्ये चढवले गेले होते, आणि तुम्हाला व्हीआरएस देऊन घरी पाठवलं होतं. तुम्ही सगळ्या आयुष्याची ट्रेसिंग पेनं घेऊन रिकामे फिरत होतात आणि पुण्यातल्या प्रत्येक चित्रात चुका काढत होतात. मी म्हटलं, काढून दाखवा मग चालणारा ट्रक. तुम्ही दुसऱ्या दिवशी आणलात. तो चालला असता, याबद्दल मला आजही शंका नाही.

ट्रक झाले, क्रेन झाल्या, रोडरोलर झाला. मग प्रज्ञा हिंजवडीला नोकरीला लागली. तिची कंपनी परदेशातल्या मुलांसाठी खेळ आणि चित्रं करून द्यायची. एका रविवारी ती तुमच्याबरोबर गाळ्यात आली आणि म्हणाली, "बाबा, मावशी, आमच्या क्लायंटला ना, स्टीमपंक रोबोज हवेत. किड्स कलरिंग थीम आहे. आमच्याकडचे लोक नुसते गिअर चिकटवतात हो, काही मजा नाही त्यात." तुम्ही विचारलंत, "स्टीमपंक म्हणजे?" ती म्हणाली, "म्हणजे असं बघा, सगळं वाफेवर चालणारं, पितळी, पाइप, चाकं. जुना काळ, पण फ्यूचर." तुम्ही चष्मा काढून पुसलात आणि म्हणालात, "म्हणजे मीच की." त्या दिवशी आपण तिघंही हसलो होतो, हे मी मुद्दाम लिहून ठेवते आहे, कारण पुढचं सगळं तसं नाही.

तुमचे रोबो मी पहिल्यांदा पाहिले तेव्हा तुम्हाला बरं वाटेल असं काही बोलले नाही. ते आता बोलते. इतकं सुंदर काम माझ्या टेबलावर त्याआधी आलं नव्हतं. एकाचं पोट म्हणजे न्हाणीघरातला तांब्याचा बंब होता, खाली निखाऱ्यांची जाळी, बाजूला तोटी, डोक्यावर झाकण. एकीच्या डोक्याच्या जागी कुकर, शिटीसकट. एकाला रोडरोलरचे पाय. आणि कुठलीही नळी उगाच नाही. बोट ठेवून निघालं की पोटातून खांद्यात, खांद्यातून कोपरात, कोपरातून बोटात, वाफ जाणार म्हणजे जाणारच. मुलं रंग भरायच्या आधी बोटाने नळ्या चालून बघायची. ते मी इतर कुठल्याही चित्राच्या बाबतीत पाहिलेलं नाही.

फक्त प्रत्येक बॉयलरच्या माथ्यावर, सेफ्टी व्हॉल्व्हपाशी, बाहेरची रेघ तुटलेली. तांदळाचा दाणा मावेल एवढी फट. मी म्हटलं, इथे रेघ राहिलीय. तुम्ही म्हणालात, राहिली नाही, ठेवली आहे. वाफेला जायला जागा नको?

आणि तिथून सुरू झालं.

माझं म्हणणं मी पुन्हा सांगते, तुम्ही आता मधे तोडू शकत नाही. मी बालवाडीत चार वर्षांची मुलं पाहिली आहेत. घरी कुणी बोलू देत नाही, जेवताना सांडलं की फटका, झोपेत ओलं केलं की फटका. अशा मुलाला एक बंद आकार द्यायचा आणि सांगायचं, याच्या आत सगळं तुझं. त्याला कुठेतरी एका जागी बरोबर ठरायला मिळतं. रंगवायच्या पुस्तकात रेघ बंद असते ती याच्यासाठी. तुमच्या फटीतून रंग बाहेर गेला की आई म्हणते, गेलं बघ बाहेर, आणि मूल खडू खाली ठेवतं. तुम्ही म्हणायचात, "तुम्ही पोरांना कोंडायला शिकवता, बाई." मी म्हणायचे, "तुम्हाला पोरांमधलं काय कळतं, तुम्हाला बॉयलर कळतो." तुम्ही म्हणायचात, "पोरगं आणि बॉयलर यात फार फरक नसतो."

पुस्तक छापायला गेलं की भोसल्यांचा प्रेसमधून फोन ठरलेला. "बाई, रोबोची वरची रेघ सुटलीय, जोडून घेऊ का?" मी 'घ्या' म्हणायच्या आत तुम्ही रिसीव्हर माझ्या हातातून काढून घ्यायचात आणि सांगायचात, "हात लावायचा नाही." आणि ठेवून द्यायचात. भोसले दर वेळी विचारायचे, तुम्ही दर वेळी तेच सांगायचात. मला वाटतं त्यांना ते ऐकायची हौस होती.

एकदा शाळेतल्या प्रदर्शनात एका पोराने बंबवाल्या रोबोच्या फटीतून जांभळा रंग बाहेर काढला तो थेट पानभर नेला, आभाळापर्यंत, आणि उरलेला टेबलावर. आईने त्याचा दंड धरला. तुम्ही खुर्चीतून उठलात, मला वाटलं आता या बाईशी भांडण होणार. तुम्ही म्हणालात, "अहो, बरोबर केलंय त्यानं. एवढी वाफ बाहेर गेली म्हणून तर मशीन शाबूत राहिलं." ती बाई तुमच्याकडे बघत राहिली आणि तिने दंड सोडला. मी तुम्हाला रिक्षात म्हटलं, एका पोराचं जमलं म्हणून सगळ्यांचं जमत नाही. तुम्ही उत्तर दिलं नाहीत. तुम्ही खूश होतात, आणि खूश असलात की तुम्ही उत्तर देत नव्हतात.

फटीमागचं कारण तुम्ही मला एकदाच सांगितलंत. भर दुपारी गाळ्यात वीज गेली होती, पंखा थांबला, आणि वरच्या मजल्यावरच्या कुणाच्या तरी कुकरची शिटी होईना, नुसता फुसफुसत होता. तुम्ही छताकडे बघत होतात. म्हणालात, माझे वडील बॉयलरवर होते, नदीपलीकडे पुठ्ठ्याचा कारखाना होता तिथे. सेफ्टी व्हॉल्व्ह सारखा उडायचा. वाफ जायची, काम थांबायचं. मग साहेबाने सांगितलं, व्हॉल्व्हच्या दांडीवर अजून एक वजन टांग, म्हणजे उडणार नाही.

"मग?" मी विचारलं.

"टांगलं वडिलांनी," तुम्ही म्हणालात.

थोड्या वेळाने म्हणालात की तुम्ही शाळेतून आलात तेव्हा येरवड्याच्या तुमच्या वस्तीतले सगळे जण तुमच्या दाराकडे बघत होते आणि कुणी पुढे येत नव्हतं. घरी जे आणलं ते झाकलेलं होतं. तुमच्या आईला ते उघडू दिलं नाही. नंतर कारखान्याने कळवलं की कामगाराने स्वतःच्या हाताने व्हॉल्व्ह बंद केला, म्हणून बॉयलर फुटला. साहेबाचं नाव त्यात नव्हतं, पण ते खोटंही नव्हतं, म्हणून कुणाला काही बोलता आलं नाही.

मग वीज आली आणि तुम्ही पेन उचललंत. "प्रज्ञाला सांगू नका," म्हणालात. "तिला आजोबा अपघातात गेले एवढंच माहिती आहे. स्वतः टांगलं, हे नको कळायला." मी विचारलं, "म्हणून तुम्ही फट ठेवता?" तुम्हाला राग आला. "त्याच्यासाठी नाही. मशीन चालावं म्हणून ठेवतो."

त्यानंतरही मी भांडत राहिले. लोकांना वाटेल ही बाई काय दगड आहे. पण मी ओळखत होते तुम्हाला. मी दुसऱ्या दिवशी मऊ आवाजात 'असू दे हो सोनवणे, राहू दे फट' म्हटलं असतं तर तुम्ही पेनं गुंडाळून चालते झाला असतात आणि परत तोंड दाखवलं नसतंत. तुम्हाला कीव नको होती, विरोधी पक्ष हवा होता. तो मी पुरवला. याबद्दल तुम्ही कधी आभार मानले नाहीत, मीही अपेक्षा केली नाही.

काँप्युटरवरचा प्रकार मात्र तुमच्या घरातच झाला. प्रज्ञाने रोबो स्कॅन करून स्क्रीनवर घेतले आणि तुम्हाला कौतुकाने दाखवायला बसवलं. मलाही बोलावलं होतं. पोरांनी रंगाच्या बादलीवर टिचकी मारायची, मग आकारावर, की आकार भरतो. तिने नारिंगी घेतला, बंबाच्या पोटावर टिचकी मारली, आणि अख्खी स्क्रीन नारिंगी झाली. रोबो, आभाळ, जमीन, सगळं. फटीतून रंग बाहेर पडला होता.

"बाबा, लीक होतंय," ती म्हणाली.

"व्हायलाच पाहिजे," तुम्ही म्हणालात.

"अहो पण असं चालत नाही ना. क्लायंट रिजेक्ट करेल. थांबा, मी क्लोज करते." आणि तिने एका टिचकीत फट बंद केली. पुन्हा बादली ओतली. पोट तेवढं नारिंगी झालं, काठोकाठ. ती वळून हसली. तुम्ही उठलात, चपला घातल्यात आणि स्वतःच्या घरातून निघून गेलात. ती मला म्हणाली, "मावशी, माझं काय चुकलं?" मला माहीत होतं आणि सांगायची बंदी होती.

पुढे कितीतरी महिने तुम्ही बापलेक एका घरात राहून बोलत नव्हतात. ती कंपनीच्या बसला जाण्याआधी तुमचा चहा करून ठेवायची, तुम्ही तो प्यायचात. एवढाच व्यवहार. स्क्रीनवरचे रोबो बंद राहिले, पुस्तकातले उघडे. परदेशातल्या पोरांनी तुमचे बंद रोबो रंगवले आणि त्यांना त्यात काही वावगं वाटलं नाही. मी तुम्हाला तसं म्हटलंसुद्धा. तुम्ही म्हणालात, "रोबो दिसतायत ते. आतून मेलेले आहेत."

मग तुमचा हात गेला.

आधी मला वाटलं पेन खराब झालंय. एका कोपराची रेघ मधेच तुटलेली. मी बोट ठेवलं, तुम्ही म्हणालात, "गळका जोड आहे. मशीन जुनं दाखवायचंय." पुढच्या चित्रात गुडघ्यावर, मग खांद्यावर, मग नळ्यांवर सगळीकडे. दर वेळी तेच, गळका जोड. आयुष्यात पहिल्यांदा मी तुमचं लगेच ऐकलं, यावरूनच तुम्हाला कळलं असणार की मला कळलंय. डॉक्टरांनी कंपवात सांगितला हे मला प्रज्ञाकडून समजलं. तुम्ही तो शब्द माझ्यासमोर कधी उच्चारला नाहीत, मीही नाही. मी तुम्हाला चहा अर्धा कप द्यायला लागले, म्हणजे सांडणार नाही. तुम्ही 'अर्धाच का' असं विचारलं नाहीत. भांडखोर माणूस काही विचारत नाही, याची मला भीती वाटायची.

गोळी घेतली की तासभर हात स्थिर राहायचा. तेवढ्या तासात तुम्ही काढायचात. दिवसभर बोर्डापाशी बसायचात, खिडकीतून येरवड्याची रहदारी ऐकत, त्या तासाची वाट बघत. तो आला की आधी व्हॉल्व्ह काढायचात, फट बरोबर ठेवायचात, आणि मग बाकीचं जमेल तसं, हात पुन्हा सुटेपर्यंत. म्हणून तुमच्या शेवटच्या वर्षातल्या रोबोंची अंगं फाटकी आहेत आणि माथे स्वच्छ. हे मी कुणाला सांगितलेलं नाही.

हॉस्पिटलात मी आले तेव्हा तुम्हाला गिळता येत नव्हतं आणि छातीत पाणी झालं होतं. नाकात एक नळी, हातात एक, छातीतून एक. तुम्ही बोलू शकत नव्हतात. पण मी पाहिलं, तुमचे डोळे एका नळीवरून चालत होते, नाकापासून खांद्यावरून, खाटेच्या कडेने, भिंतीतल्या त्या बुडबुडणाऱ्या बाटलीपर्यंत. मग दुसरीवरून. तुम्ही तपासत होतात. मी म्हटलं, "सोनवणे, सगळ्या कुठे ना कुठे जातायत. मी बघितलंय." तुम्ही माझ्याकडे पाहिलंत आणि मान हलवलीत, हो म्हणून की नाही म्हणून ते कंपवातामुळे कळलं नाही. तेवढंच आपलं शेवटचं बोलणं. मला त्याहून बरं काहीतरी हवं होतं. रेघेचा विषय काढायला हवा होता, तुम्ही चिडला तरी असतात.

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी प्रज्ञा माझ्या घरी आली, हातात तुमची चित्रं ठेवायची प्लॅस्टिकची लांब नळकांडी. "हॉस्पिटलला जायच्या आधी म्हणाले होते, बाईंना दे. शेवटचा आहे, बघून घ्या म्हणावं." ट्रेसिंग पेपर टेबलावर पसरला. बंबवालाच होता, पण आत्तापर्यंतचे सगळे उभे, हा बसलेला. पाय पसरून, हात मांड्यांवर. अंगाची एकही रेघ सलग नाही, सगळी थरथर, सगळीकडून उघडा. आणि माथ्यावर व्हॉल्व्ह, आणि व्हॉल्व्हवर एक रेघ, सरळ, काळी, पूर्ण. गोळीनंतरच्या तासातली. ती हात सुटून गेलेली नव्हती, तुम्ही ती ठरवून ओढली होतीत.

मी काही बोलायच्या आत प्रज्ञाने त्या रेघेवर बोट ठेवलं. "बघितलंत ना मावशी? बाबांनी शेवटी ऐकलं माझं." तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ती हसत होती. "मला वाटायचं ते मला कधी माफच करणार नाहीत. त्या क्लोज केलेल्या रेघेबद्दल." मी म्हटलं, "हो गं." दुसरं काय म्हणणार होते.

ती गेल्यावर मी कागद खिडकीपाशी धरला. ट्रेसिंग पेपर काही लपवत नाही, हे तुम्हीच शिकवलंत. चुकलेली शाई तुम्ही अर्ध्या ब्लेडने खरवडायचात आणि जागा नखाने घोटायचात, पण उजेडात धरलं की खरवडलेलं दिसतं. व्हॉल्व्हवरची ती जागा पार विरली होती. कागद तिथे इतका पातळ झाला होता की शाई कडेने फुटली होती. म्हणजे तुम्ही रेघ ओढलीत, खरवडलीत, पुन्हा ओढलीत, पुन्हा खरवडलीत. कितीएक तास त्यात गेले असतील, रोज एकच तास हातात असताना. आणि शेवटी बंद करून ठेवलीत.

का? मी शनिवारपासून हेच विचारते आहे. लेकीला जाता जाता काहीतरी द्यायचं म्हणून? माझी वर्षानुवर्षांची कटकट संपवायची म्हणून? की तुम्हाला पुरे झालं होतं, आणि तुम्ही तुमच्या वडिलांसारखं स्वतःच्या हाताने वजन टांगलंत? पहिलं असेल तर मला हात लावायचा अधिकार नाही. दुसरं असेल तर मी जिंकले, आणि मला जिंकल्यासारखं काहीही वाटत नाहीये. तिसऱ्याचा विचार मी सुरू करते आणि उठून भांडी घासायला जाते. मला तुमचा राग आलाय सोनवणे. सांगून ठेवते. माणसाने असं कोडं घालून जाऊ नये.

इथपर्यंत लिहून दोन दिवस झाले. काल मी प्रज्ञाला बोलावून घेतलं आणि सगळं सांगितलं. तुम्ही नको म्हणाला होतात, पण तुम्ही तुमचा शब्द मोडलात, मग मी माझा का पाळू? पुठ्ठ्याचा कारखाना, दांडी, जास्तीचं वजन, ते कुणी टांगलं, आणि तुमचं दार. मला वाटलं, बाबांनी माफ केल्याचं होतं तेवढं समाधानही मी तिच्या हातातून काढून घेतलं. तिने विचारलं, "मग बाबांनी हा बंद का केला?"

"मला नाही माहीत," मी म्हटलं. "मला खरंच नाही माहीत, प्रज्ञा."

तिने कागद उजेडात धरला. खरवडलेलं तिलाही दिसलं. तिने त्या जागेवरून बोट फिरवलं, पुन्हा पुन्हा. "इतकी वर्षं मी ते एका क्लिकमध्ये करत होते," ती म्हणाली. मग कागद टेबलावर ठेवला, दोन्ही हातांनी दोन्ही बाजूंनी ताणून धरला आणि मला म्हणाली, "ब्लेड आहे का?"

तुमचंच होतं, माझ्या खणात, कागदात गुंडाळलेलं. मी खरवडायला घेतलं. रंगवायच्या पुस्तकातली रेघ बंदच असायला हवी, असं माझं मत आहे. आजही आहे. त्यात बदल झालेला नाही. पण तुम्ही माझं ऐकलंत, हे मला मान्य नाही. असं आजारी पडून, अंगात त्राण नसताना, एकटं बसून ऐकलेलं मी धरत नाही. हात माझाही आता पूर्वीचा राहिलेला नाही. कागद आधीच विरला होता, थोडा फाटला. तुमच्यासारखी दाण्याएवढी नीट फट नाही झाली, वेडीवाकडी आणि मोठी झाली. प्रज्ञाने कागद सोडला नाही. तिचे हात दुखेपर्यंत तिने तो धरून ठेवला होता.

संध्याकाळी पान प्रेसमध्ये पाठवलं. आज सकाळी भोसल्यांचा फोन आला. आधी तुमच्याबद्दल थोडं बोलले, मनमिळाऊ वगैरे काही म्हणाले नाहीत, शहाणा माणूस आहे. मग घसा साफ केला.

"बाई, शेवटच्या रोबोची वरची रेघ सुटलीय. जोडून घेऊ का?"

मी रिसीव्हर कानाशी धरून उभी राहिले. सवयीने वाट पाहिली. कुणी तो माझ्या हातातून काढून घेतला नाही.

"हात लावायचा नाही," मी म्हटलं, आणि ठेवून दिला.